धवला तुटू द्यायचा नाही

जुईनगर स्टेशनाच्या पलीकडे, उंच इमारतींच्या पाठीला पाठ लावून, एक जुनं आगरी गाव अजून तग धरून आहे. शहर आलं तशी गावाची भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीसुद्धा बिचारी लांब सरकली. पण गावातली लग्नं कुणाला हलवता आली नाहीत, आणि त्या लग्नांत हळदीच्या पाटामागे बसणाऱ्या गोजराबाईला हलवणं तर त्याहून अवघड. गोजराबाई म्हणजे गावची धवलारीण. लग्नाचे एकेक विधी सांगायचे आणि त्या विधींची गाणी, म्हणजे धवले, गायचे, हे तिचं काम. भटजी यायच्या कितीतरी आधी ते सुरू व्हायचं. भटजीबुवा पुढे आले की तेही तिच्याकडे बघूनच बोलायचे, कारण भर मांडवात कुणालाही झापायला ती मागेपुढे पाहत नसे.

हळदीच्या धवल्याचा एक कायदा होता. नवरीच्या पायांपासून हळद लावायला सुरुवात झाली की ती कपाळाला पोचेपर्यंत आवाज तुटता कामा नये. आणि तेवढा वेळ नवरीनं तोंड उघडायचं नाही, हसायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. धवला मध्येच तुटला तर मुलीच्या संसाराला खंड पडतो, असं गोजराला तिच्या आईनं सांगितलं होतं. आईही धवलारीणच. हे खरं की खोटं, असं विचारायची रीत त्या घरात नव्हती.

एका बाईच्या छातीत एवढा श्वास नसतो, हे उघड आहे. म्हणून धवल्याला दोघी लागतात. गोजराबरोबर मुक्ताबाई असायची, शेजारच्याच घरातली. एकीची ओळ कुठं संपली आणि दुसरीनं ती कुठं उचलली, हे कान देऊन बसलेल्यांनाही कळत नसे. बाहेरगावची माणसं म्हणायची, एकच बाई गाते आणि दुसरी नुसती शोभेला बसलीय. त्यावर दोघी पदरात तोंड घालून हसायच्या.

मुक्ताबाई गेली आणि गोजरा एकटी पडली. गावातल्या बायांनी सुचवलं, आता दुसरी कुणीतरी तयार कर. पण मुक्ताच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवायला गोजरा तयार होईना. ती हट्टाला पेटली. दोघींचं गाणं एकटीनं गायला लागली, छाती फुटेपर्यंत. शब्दांच्या फटीत चोरून श्वास ओढायचा, बायकांच्या गलक्यात खोकला लपवायचा आणि ओळ ओढत न्यायची. बरीच वर्षं हे खपून गेलं. मग गेल्या वर्षी न्यूमोनियानं तिला अंथरुणाला खिळवलं. ती उठली, पण तिचा दम काही परत आला नाही. त्यानंतरच्या पहिल्याच हळदीत, गल्लीतल्या एका पोरीच्या गुडघ्यापर्यंत हळद आली असताना, खोकल्याची उबळ आली आणि धवला तुटला.

डीजेवाल्यानं प्रसंग ओळखून गाणं लावलं, बाया नाचायला लागल्या. पण त्या दिवसापासून गोजराबाईला बोलावणी येईनाशी झाली. लोक जुन्या लग्नातलं तिचंच रेकॉर्डिंग मोबाइलवर लावून हळद उरकायला लागले. संध्याकाळी ओट्यावर बसलं की कुठल्यातरी मांडवातून तिचा स्वतःचाच आवाज यायचा आणि ती उठून आत जायची.

अशातच तिच्या नातीचं लग्न ठरलं. अक्षता वाशीला एका ऑफिसात हिशेब बघायची. पोरगी शहरातली, बोलणं फटाफट, पण आजीच्या मांडीवर वाढलेली. तिनं घरात जाहीर करून टाकलं, ''माझी हळद आजीच्या धवल्यानंच. नाहीतर मी पाटावर बसणार नाय.''

गोजराचा मुलगा इंद्रजित, म्हणजे अक्षताचे वडील, आईच्या काळजीनं आधीच अर्धे झाले होते. ते म्हणाले, ''आये, तू आपली पाटामागं बस. आवाज मोबाइलवर लावू. तुझाच आवाज हाय ना तो.''

''मी जिती हाय,'' गोजरा म्हणाली. ''जित्या मान्साचा रेकॉट कशाला लावताव?''

बोलून तर गेली, पण रात्री उशीला पाठ टेकवून बसली तेव्हा तिचं तिलाच भय वाटलं. गल्लीतल्या पोरीवर तुटलेला धवला तिच्या मनातून गेला नव्हता. तो अक्षतावर तुटला तर?

डॉक्टरांनी छाती तपासली. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप वेळेवर घ्या, रोज थोडं चाला आणि श्वासाचे व्यायाम करा, पण जाणत्या माणसाच्या नजरेखाली, असं त्यांनी सांगितलं. रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सुनीतीताई योगाचा वर्ग घेत. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज मऊ पण नजर मास्तरणीची. अक्षता आजीला धरून तिकडं घेऊन गेली. ज्या जागेवर तो हॉल होता तिथं पूर्वी गोजराच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं. ''माज्याच शेतात मना श्वास घ्यायला शिकवनार,'' असं पुटपुटत ती आत शिरली.

सुनीतीताईंनी पहिल्या दिवशी काहीच करून घेतलं नाही, नुसते प्रश्न विचारले. आजार कोणता, बीपी आहे का, कान दुखतो का, चक्कर येते का, पंप कुठला. मग म्हणाल्या, ''मावशी, आधी एक गोष्ट. मी शिकवते ते औषध नाही. बरं वाटायला लागलं म्हणून पंप सोडायचा नाही. तो डॉक्टर सांगतील तेव्हाच.''

दुसऱ्या दिवशी गोजरा तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण हाणून वर्गाला आली. खाली बसल्याबरोबर असा ढेकर दिला की पुढच्या रांगेतल्या बाईनं मागे वळून पाहिलं. सुनीतीताईंनी हसू दाबलं आणि तिला नुसतं बघत बसवून ठेवलं. पोट भरलेलं असताना श्वासाचं काम नको, उद्या सकाळी रिकाम्या पोटी या, म्हणाल्या. कोळंबीचा वास आला तरी उपाशी कसं राहायचं, हा गोजराचा प्रश्न होता, पण तो तिनं घरी जाऊन सुनेला विचारला.

त्यानंतर आला भ्रामरी प्राणायाम. ताठ बसायचं, पण ताठरून नाही. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्ची घ्यायची. नाकानं सावकाश श्वास आत, आणि सोडताना ओठ मिटून, दात सैल ठेवून, घशातून भुंग्यासारखा गुंजारव. कानाच्या भोकापुढे जो लहानसा उंचवटा असतो, तो अंगठ्यानं अलगद दाबायचा म्हणजे कान मिटतो. कानात बोट खुपसायचं नाही. थोड्याच वेळा करायचं आणि मग गप्प बसून राहायचं.

''कान बंद करून गानारी बाय मी आजवर बगितली नाय,'' गोजरा म्हणाली. ''कान मिटले तर जोडीदारनीचा सूर कसा कललं?''

''इथं जोडीदारीण नाही, मावशी. तुम्ही एकट्याच आहात. एकदा करून तर बघा.''

बाईचं मन मोडू नये म्हणून गोजरानं कान दाबले आणि ओठ मिटून सूर सोडला.

मग जे झालं ते तिला पुढं कितीतरी दिवस कुणाला नीट सांगता आलं नाही. बाहेरचं सगळं गेलं. हायवे गेला, पंखा गेला, शेजारणीचा श्वास गेला. राहिला एकच आवाज, आणि तो कानांतून येत नव्हता. तो कवटीत होता, दातांत होता, छातीच्या पिंजऱ्यात होता. जन्मभर ती गात आली होती, पण तिचा आवाज नेहमी तिच्यापासून दूर, लोकांकडं जायचा. आज तो घरी राहिला होता. आणि हा आवाज तिच्या ओळखीचा होता. अगदी लहानपणी, मांडवात झोप अनावर झाली की ती गाणाऱ्या आईच्या पाठीला कान लावून पडायची. तेव्हा धवला असाच ऐकू यायचा, शब्दांवाचून, हाडांमधून.

तिनं डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. सुनीतीताईंनी विचारलं, ''त्रास होतोय का?''

''नाय गो बाय,'' ती म्हणाली. ''आय भेटली.''

सुनीतीताईंनी आपली पाण्याची बाटली पुढं केली.

मग गोजराला त्याचा नादच लागला. सकाळी रिकाम्या पोटी वर्ग, त्याच्या आधी थोडं चालणं. काही आठवड्यांत फरक दिसायला लागला. रात्री झोप लागायला लागली. जीव घाबरा होऊन उठून बसायचं कमी झालं. ओट्याच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागेना. डॉक्टर म्हणाले, श्वास सोडायचा वेळ लांबला की छातीची धडधड शांत होते, मनही निवतं, रक्तदाबालाही थोडी मदत होते. पण पंपाचा आणि चालण्याचाही यात वाटा आहे, हे विसरू नका. गोजरानं मान हलवली. मनातून मात्र तिनं सगळं श्रेय आईला देऊन टाकलं होतं.

इथवर ठीक होतं. पण धवलारणीच्या हाती गुंजारव पडला आणि तिनं तो नुसता गुंजारव राहू दिला, असं होईल कसं? तिनं त्याचा धवला केला. वर्गात ती शहाण्यासारखी बसायची. घरी मात्र, दार लोटून, एका श्वासात आवाज किती लांबतो ते आजमावत राहायची. पोट आत ओढायचं, मान ताणायची, शेवटचा कणसुद्धा सोडायचा नाही. मग घाईघाईनं हवा गिळायची की पुन्हा सुरू. लग्न जवळ येत होतं आणि एकटीला दोघींची ओळ पुरवायची होती. एके सकाळी असंच करता करता डोळ्यांपुढं काळं आलं आणि ती बसल्या जागी कलंडली. उखळाचा काठ कपाळाला लागून टेंगूळ आलं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. काळजीचं काही निघालं नाही, पण इंद्रजितचा धीर सुटला होता. ''बंद,'' ते म्हणाले. ''योगा बंद, धवला बंद. मना पोरीचा लगीन करायचा हाय, आयचा दहावा नाय.'' बोलता बोलता ते आईच्या टेंगळाला थंड पाण्याची घडी लावत होते, म्हणून गोजरानं उलट उत्तर दिलं नाही. एरवी दिलं असतं.

संध्याकाळी सुनीतीताई स्वतः घरी आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ''मावशी, घरी कसं करत होता ते मला दाखवा. एकदाच.'' गोजरानं दाखवलं. अर्ध्यातच सुनीतीताईंनी तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं.

''तुम्ही श्वास सोडत नाही, मावशी. तुम्ही तो पिळून काढताय. मानेच्या शिरा बघा कशा फुगल्यात. भ्रामरीत आवाज लांब करायची शर्यत नसते. पोटात श्वास थोडा शिल्लक असतानाच थांबायचं. पुढचा श्वास धाप न लागता, आपसूक आत यायला हवा. चक्कर आली, छातीत दाटलं, की त्या दिवशी तिथंच सोडून द्यायचं.''

''थांबलं का तुटतंय,'' गोजरा म्हणाली. ''धवला तुटू द्यायचा नाय.''

''मग मुक्ताबाई होत्या तेव्हा काय करायचात?''

गोजराचा उजवा हात मांडीवर होता. तो आपोआप हलला आणि मांडीवर हळूच थापटल्यासारखं झालं. मुक्ता असंच करायची. गोजराचा दम संपायच्या आधी, खूप आधी, तिच्या मांडीवर मुक्ताची थाप पडायची. थाप पडली की सोडून द्यायचं, मुक्ता उचलायची. आणि मुक्ताचा सूर जरा पातळ झाला की गोजरानं थापटायचं. दोघींपैकी कुणीच कधी शेवटच्या कणापर्यंत गेलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती मुक्ताच्या पाठोपाठ तिच्या ध्यानातून निघून गेली होती. गोजरा रडली, चांगली मोठ्यानं रडली, आणि सुनीतीताईंनी तिला रडू दिलं.

मग तोड निघाली ती अशी. आठवडाभर पूर्ण विश्रांती. त्यानंतर डॉक्टरांची परवानगी असेल तर भ्रामरी, पण एकटीनं नाही. शेजारी कुणीतरी बसायचं आणि मानेच्या शिरा दिसायच्या आधी मांडीवर थाप मारायची. डॉक्टरांनी हो म्हटलं. धवला गायलाही हो म्हटलं, फक्त दम लागेल तिथं थांबायचं आणि पंप जवळ ठेवायचा. इंद्रजित कुरकुरले, पण अक्षतानं शेजारी बसायचं काम स्वतःकडं घेतलं.

ऑफिसातून आली की ती हातपाय धुऊन आजीसमोर बसायची. सुरुवातीला नुसती बघायची आणि थापटायची. मग तिलाही करावंसं वाटलं. लग्नाच्या टेन्शननं तिचीही झोप उडालीच होती. दोघी समोरासमोर बसून गुंजारव करायच्या. आजीचा सूर जाड, नातीचा कोवळा. कधी आजी थांबायची आणि नातीचा सूर चालू असायचा, कधी उलट. दाराशी उभं राहून इंद्रजित हे ऐकायचे. आपल्या आईच्या चेहऱ्यावर इतकी शांतता त्यांनी कधी पाहिली नव्हती. पाऊल न वाजवता ते परत फिरायचे.

तब्येतीचं जमलं, पण धवल्याचा प्रश्न तसाच होता. श्वास शिल्लक ठेवून थांबायचं तर ओळ उचलणार कोण? गोजरानं आजूबाजूच्या गावांत निरोप धाडले. एक म्हातारी धवलारीण मुलाकडं कल्याणला गेली होती. दुसरीला ऐकू येत नव्हतं. नव्या पोरींना तोंडपाठ म्हणाल तर फक्त डीजेची गाणी. सुनीतीताई म्हणाल्या, मी शिकते, पण एवढे शब्द त्यांना आठवड्याभरात कुठून यायचे? हळदीच्या आदल्या दिवशी गोजरानं इंद्रजितला जवळ बोलावलं आणि म्हणाली, ''मोबाइल चार्ज करून ठेव. मना तुटंलसं वाटला का हात वर करीन. लगेच लाव.'' हे बोलायला तिला किती जड गेलं, ते फक्त तिलाच ठाऊक.

हळदीला मांडव गच्च भरला होता. अक्षता पाटावर बसली, पिवळी साडी, मान खाली, ओठ मिटलेले. तिच्यामागं गोजरा. बाजूच्या खुर्चीत सुनीतीताई, आणि खांबाशी मोबाइल घेऊन इंद्रजित. गोजरानं नाकानं सावकाश श्वास घेतला आणि धवला सुरू केला.

''हलद आली गं खारीपल्याडशी, सोन्याच्या पावलांनी...''

ज्या आवाजाला लोकांनी मोबाइलमध्ये घालून ठेवलं होतं, तो आज समोर, ताजा, जरा खरखरीत, पण भरलेला. सवाशिणींनी पायाला हळद लावली, गुडघ्यांना लावली. गोजरा शब्दांच्या मध्ये जपून श्वास घेत होती. पण खांद्यापाशी एक ओळ येते, लांबच लांब, जिच्यात फटच नाही. ती ओळ मुक्ताची होती. गोजरानं ती धरली आणि अर्ध्यात तिला कळलं की आपल्याला ही पुरणार नाही. मानेची शीर ताणली. तिनं इंद्रजितकडं पाहिलं आणि खूण करायला हात उचलला.

त्याच क्षणी तिच्या गुडघ्यावर थाप पडली.

अक्षतानं मागं वळून पाहिलं नव्हतं. तिचा पिवळा, ओला हात तेवढा मागं आला होता. इतक्या वर्षांची सवय अंगातून जात नाही. थाप पडल्याबरोबर गोजरानं सूर सोडून दिला, श्वास शिल्लक असतानाच. आणि धवला तुटला नाही. तो चालू राहिला. ओठ मिटलेले, मान खाली, नवरीनं तोंड उघडलं नव्हतं, आणि तरी तिच्यातून सूर येत होता. शब्द नव्हते, नुसता गुंजारव, पण चाल तीच, मुक्ताच्या ओळीची, लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली. सवाशिणीचा हळदीचा हात हवेत तसाच थांबला. कायद्याप्रमाणं हळद लागेपर्यंत नवरीनं तोंड उघडायचं नाही. नवरीनं उघडलं नव्हतं. आक्षेप कुणाला घेता येणार होता?

''लाव गो हलद, थांबू नको,'' मागून एक म्हातारी हळूच म्हणाली.

गोजरा पुढं झुकली. तिचा गाल अक्षताच्या ओल्या पाठीला टेकला, आणि त्या पाठीतून, हाडांमधून, तिला धवला ऐकू आला. मांडवात पेंगुळलेल्या लहान पोरीला एकेकाळी ऐकू यायचा तोच. तिनं डोळे मिटले. कितीतरी वर्षांनी, भर हळदीत, तिनं घाई न करता एक श्वास घेतला, नाकानं, सावकाश, पोटापर्यंत. मग नातीच्या पाठीवर हलकेच थाप मारली आणि ओळ उचलली.

हळद कपाळाला पोचली तेव्हा इंद्रजितच्या हातातला मोबाइल तसाच होता, न लावलेला. सुनीतीताई डोळे पुसत होत्या. धवला संपला आणि ती मागची म्हातारी पुढं येऊन गोजराच्या कानाशी लागली, ''मदी सूर कोन धरीत व्हती गो? अगदी मुक्तासारी.''

गोजराच्या गालाला नातीच्या पाठीची हळद लागली होती. ती तिनं पुसली नाही.

''नवरी,'' ती म्हणाली.